रक्त, बुरशी आणि अवरक्त किरण

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मुंबईचा पाऊस म्हटला की कवींना मेघ आठवतात आणि आमच्यासारख्या उपनगरातल्या चाळकऱ्यांना आठवते ती बुरशी! जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो न उजाडतो तोच भिंतीच्या कोपऱ्यात हिरवट-काळे डाग दिसू लागतात. खुंटीवरच्या चामडी पट्ट्यावर पांढरी लव येते, परवाचा उरलेला पाव निळसर ठिपक्यांनी भरून जातो आणि बरणीचा दादरा सैल राहिला असेल तर लोणच्याचीही धडगत नसते. स्टेशनाबाहेरच्या साचलेल्या पाण्यातून चार दिवस ये-जा केली की पायांच्या बोटांत चिखल्या होतात. कुणाला जांघेत गजकर्ण उठते, कुणाच्या मानेवर नायटा. आई फडके घेऊन भिंत पुसते, वडील कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून मलमाची नळी आणतात, आणि विषय संपतो. बुरशी म्हणजे पुसून टाकायची गोष्ट, अशीच आपणा सर्वांची समजूत असते.

ही समजूत २०२१ सालच्या उन्हाळ्यात मोडली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतून कसेबसे सुटलेले रुग्ण पुन्हा रुग्णालयात येऊ लागले. कुणाचा गाल सुजलेला, कुणाची पापणी मिटलेली, कुणाच्या टाळूवर काळा चट्टा. वर्तमानपत्रांनी या रोगाला ‘काळी बुरशी’ असे नाव दिले. वैद्यकातील नाव म्युकरमायकोसिस. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये राज्यांना हा अधिसूचित रोग म्हणून जाहीर करण्यास सांगितले आणि जूनअखेरपर्यंत देशातील नोंदलेल्या रुग्णांची संख्या ४० हजारांच्या वर गेली. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत सर्वाधिक रुग्ण होते.

गंमत अशी (गंमत हा शब्द येथे शोभत नाही, पण दुसरा सुचत नाही) की ही बुरशी मुळात काळी नसतेच. तिचा सर्वांत परिचित प्रकार ‘रायझोपस’ हा आपल्या पावावर येणाऱ्या बुरशीच्याच कुळातला. तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि धडधाकट माणूस ते रोज श्वासाबरोबर आत घेतो. पण रक्तातील साखर फार वाढलेली असेल, स्टिरॉइडच्या औषधांनी शरीराची प्रतिकारशक्ती दबलेली असेल, तर नाकाच्या पोकळीत हे बीजाणू रुजतात. त्यांचे तंतू रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात, आत गुठळ्या होतात, पुढच्या भागाचे रक्त तुटते आणि तो भाग मरून काळा पडतो. काळे असते ते आपले मेलेले मांस.

आमच्या शेजारचे काका रिक्षा चालवीत. मधुमेह आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते. कधी तपासलेच नव्हते. कोरोनातून उठल्यावर पंधरा दिवसांनी त्यांचा उजवा डोळा दुखू लागला. प्रथम थेंब घातले, मग दात दुखत असेल म्हणून दाताच्या डॉक्टरकडे नेले, मग एका रुग्णालयात, मग दुसऱ्या. बुरशीचे नाव कुणी उच्चारीपर्यंत आठ दिवस गेले होते. काका वाचले, डोळा मात्र काढावा लागला. आता ते एका सोसायटीच्या फाटकावर रात्रपाळी करतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच असल्यामुळे चाळीतील बायका मला अशा वेळी प्रश्न विचारतात, जणू बी.ए.च्या अभ्यासक्रमात वैद्यकही असते! काकूंनी विचारले होते, “रक्त तर चार वेळा काढलं गं त्यांचं. रक्तात नाही का दिसत बुरशी?”

हा प्रश्न साधा नाही. पुढे पवई येथील आय.आय.टी.मध्ये अवरक्त किरणांनी रक्त तपासण्याचे प्रयोग झाल्याचे वाचनात आले, तेव्हा काकूंचे उत्तर शोधायला मी ग्रंथालयात बसले. विज्ञान शाखेतील एका मैत्रिणीची यात पुष्कळ मदत झाली. जे समजले ते येथे मांडते.

प्रथम रक्तात बुरशी दिसते का ते पाहू. म्युकरच्या बाबतीत उत्तर जवळजवळ ‘नाही’ असेच आहे. ती रक्तवाहिन्या पोखरते, पण रक्ताच्या नमुन्यातून वाढवू म्हटले तर सहसा वाढत नाही. तिच्या निदानासाठी नाकातील किंवा टाळूतील मांसाचा बारीक तुकडा काढावा लागतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात तो विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की फितीसारखे रुंद तंतू दिसतात. ही तपासणी तासाभरात होऊ शकते. काकांचे आठ दिवस तपासणीत गेले नव्हते. तपासणीचा विचार कुणाच्या मनात येण्यात गेले होते. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

खरोखर रक्तात उतरणारी बुरशी वेगळी. तिचे नाव कँडिडा. ही एकपेशी बुरशी, म्हणजे यीस्टच्या जातीची. आपल्या तोंडात आणि आतड्यात ती एरवी निमूटपणे राहते. अतिदक्षता विभागात दीर्घकाळ पडलेला रुग्ण, त्याच्या शिरेत खुपसलेली नळी, पोटाची मोठी शस्त्रक्रिया, जहाल प्रतिजैविके, मुदतीपूर्वी जन्मलेले मूल, अशा ठिकाणी ती संधी साधते आणि रक्तात येते. ताप येतो, पण ताप तर शंभर कारणांनी येतो. अमेरिकेतील काही रुग्णालयांतील अशा रुग्णांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. रक्ताचा नमुना घेतला त्याच दिवशी ज्यांना बुरशीवरचे औषध सुरू झाले, त्यांच्यापैकी १५ टक्के दगावले. ज्यांना ते तिसऱ्या दिवशी वा त्यानंतर मिळाले, त्यांच्यापैकी ४१ टक्के. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे त्यासाठीच सारा खटाटोप चालला आहे.

कारण आजही प्रमाण मानली जाणारी तपासणी म्हणजे रक्ताचे संवर्धन. पोषक द्रव भरलेल्या बाटलीत रक्त घालायचे, ती उबेत ठेवायची आणि बुरशी वाढण्याची वाट पाहायची. दही विरजण्यासारखेच हे काम, फक्त येथे विरजण आहे की नाही हेच माहीत नसते! दोन दिवस लागतात, कधी चार-पाच. आणि एवढे करूनही शरीरात खोलवर शिरलेल्या कँडिडाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत बाटलीत काहीच उगवत नाही.

दुसरी एक तपासणी आहे, तिची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. बुरशीच्या पेशीला भिंत असते. आपल्या पेशींना नसते. या भिंतीत ग्लुकॅन नावाची एक शर्करा असते. समुद्रात नालखेकडा नावाचा एक अतिप्राचीन जीव आहे, आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर तो सापडतो. त्याचे रक्त निळे असते आणि ग्लुकॅनचा अंश जरी लागला तरी ते गोठते. माणसाच्या रक्तातील बुरशी हुडकायला खेकड्याचे रक्त! अशी तपासणी प्रत्यक्षात वापरात आहे. पण तिच्यात दोन उणिवा. शस्त्रक्रियेतील कापसाच्या पट्ट्यांतूनही ग्लुकॅन रक्तात येऊ शकते आणि खोटी घंटा वाजते. आणि म्युकरच्या भिंतीत हे ग्लुकॅन या तपासणीला पकडता येईल इतके नसतेच. म्हणजे २०२१ साली जी बुरशी आपल्या दारात उभी होती तिच्यापुढे खेकडाही हतबल.

आता प्रकाशाकडे वळू.

१८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने एक सोपा प्रयोग केला. हा मूळचा जर्मन वादक. युरेनस ग्रहाचा शोध याच्याच नावावर आहे. त्याने लोलकातून सूर्यप्रकाश नेऊन सप्तरंगांचा पट्टा पाडला आणि प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा सर्वांत वर चढला. न दिसणारा प्रकाश! त्यालाच आपण अवरक्त किरण म्हणतो. भाषेच्या विद्यार्थिनीला येथे थोडे थांबावेसे वाटते. संस्कृतात ‘रक्त’ म्हणजे तांबडा. तांबड्याच्या खालचा तो ‘अवरक्त’. शरीरातील रक्ताशी या नावाचा संबंध नाही. आणि तरीही दोनशे वर्षांनी ते किरण रक्ताच्याच तपासणीला लागावेत हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

हे किरण रक्तात काय पाहतात? कोणत्याही पदार्थाचे रेणू अणूंनी बनलेले असतात आणि त्या अणूंमधले बंध ताठ काठ्यांसारखे नसतात, ते स्प्रिंगसारखे सतत कंप पावत असतात, दर सेकंदाला लाखो कोटी वेळा. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या बंधाचा कंप वेगळा, नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा वेगळा. सतारीवर एक सूर छेडला की खालची त्याच सुरात लावलेली तरफेची तार आपोआप झणकारते, इतर तारा गप्प राहतात, हे आपण ऐकले असेल. तसेच हे आहे. ज्या बंधाचा कंप ज्या अवरक्त लहरीशी जुळतो, तो बंध ती लहर शोषून घेतो; बाकीच्या लहरी तशाच निघून जातात. आत सोडलेल्या प्रकाशातून कोणत्या लहरी किती गळाल्या याचा आलेख काढला की त्या पदार्थात कोणते बंध किती आहेत ते कळते. या आलेखाला वर्णपट म्हणतात. प्रथिनांची शिखरे एका जागी येतात, मेदांची दुसऱ्या जागी, शर्करांची तिसऱ्या. डोंगररांगेच्या आकारावरून जसा आपण हा सह्याद्री, तो हिमालय असे ओळखतो तसे जाणकार या शिखरांवरून पदार्थ ओळखतात.

यंत्रही वाटते तेवढे अवजड नसते. त्याचे लहान प्रकार मेजाच्या एका कोपऱ्यात मावतात. त्यात हिऱ्याचा एक बारीक स्फटिक असतो. त्यावर रक्तद्रवाचा, म्हणजे तांबड्या-पांढऱ्या पेशी काढून टाकल्यावर राहणाऱ्या पिवळसर पाण्याचा, एक थेंब ठेवून वाळवतात. वाळवायचे कारण पाणी. पाणी स्वतःच अवरक्त किरण भरपूर पिते आणि नेमके प्रथिनांच्या मुख्य शिखरापाशीच आडवे येते. किरण स्फटिकाच्या आतून येतो, वरच्या पृष्ठावर आपटून परत फिरतो आणि परतताना वाळलेल्या थेंबाला जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर खोलवर स्पर्श करतो. केसाची जाडी याच्या कितीतरी पट असते. एवढ्या निसटत्या स्पर्शातून काही मिनिटांत संपूर्ण वर्णपट मिळतो. रसायने जवळजवळ लागत नाहीत, त्यामुळे एकदा यंत्र घेतले की प्रत्येक तपासणीचा खर्च नगण्य. गरीब देशांतील संशोधकांना या पद्धतीची ओढ वाटते ती उगीच नव्हे.

सूक्ष्मजंतूंसाठी ही युक्ती वापरता येईल हे जर्मनीत डीटर नाऊमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात ठळकपणे मांडले. प्रत्येक जातीच्या जंतूचा वर्णपट हा त्याचा अंगठा आहे, असे म्हणायला हरकत नाही. पुढे फ्रान्समध्ये रीम्स येथील संशोधकांनी कँडिडाच्या निरनिराळ्या जाती याच रीतीने वेगळ्या ओळखून दाखवल्या. जात ओळखणे ही केवळ पंडिती हौस नव्हे. कँडिडा ऑरिस नावाची एक जात जपानमध्ये एका वृद्धेच्या कानात सापडली आणि २००९ साली तिचे बारसे झाले (ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान). पाहता पाहता ती जगभरच्या रुग्णालयांत पसरली, भारतातही. नेहमीच्या औषधांना ती दाद देत नाही आणि जुनी तपासणी-यंत्रे तिला भलत्याच जातीचे नाव देत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली घातक बुरशींची पहिली यादी काढली, तीत १९ नावे आहेत. ऑरिस सर्वांत वरच्या गटातील चारांत आहे आणि म्युकरचे कूळ त्याखालच्या गटात.

परंतु नाऊमान यांच्या आणि रीम्सच्या पद्धतीत एक मेख आहे. येथे बुरशी आधी बशीत वाढवावी लागते, मग तिचा ठिपका उचलून प्रकाशाखाली धरायचा. म्हणजे ओळख पटायला मिनिटे, पण वाढायला पुन्हा तेच दोन-तीन दिवस! मग थेट रक्तातच का पाहू नये?

येथे मी कागद-पेन्सिल घेऊन एक हिशोब केला, गणित हा माझा विषय नसूनही. एका मिलिलिटर रक्तात सुमारे ५ अब्ज तांबड्या पेशी असतात. कँडिडाने ग्रासलेल्या रुग्णाच्या तेवढ्याच रक्तात बुरशीची पेशी पुष्कळदा एक किंवा त्याहूनही कमी असते. पृथ्वीवरील निम्म्याहून अधिक माणसे एका मैदानात उभी केली आहेत आणि त्यांतला एक भामटा शोधायचा आहे, असे समजा. त्यातही स्फटिकावर आपण ठेवणार तो थेंब फार तर ५ मायक्रोलिटरचा, म्हणजे मिलिलिटरचा दोनशेवा हिस्सा. दोनशे थेंब तपासावेत तेव्हा कुठे एखाद्यात एक पेशी सापडायची. आणि ती सापडली तरी एक लिटर रक्तद्रवात ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असतात. त्यांच्या डोंगरापुढे त्या एका पेशीचे शिखर दिसायचे कसे? तेव्हा काकूंच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की अवरक्त किरणांनाही थेंबभर रक्तात बुरशी दिसत नाही.

मग रक्तावरून बुरशीचे निदान करण्याच्या या सगळ्या बोलण्याला अर्थ काय?

अर्थ असा की प्रकाश बुरशीला पाहत नाही, तो बुरशीमुळे बदललेल्या रक्ताला पाहतो. घरात चोर शिरला की चोर दिसला नाही तरी उघडे कपाट, सांडलेले डबे आणि भेदरलेले मांजर दिसतेच. शरीरात संसर्ग झाला की यकृत काही प्रथिने जास्त बनवू लागते, काही कमी. मेदांचे प्रमाण हलते, शर्करा हलते. एखादाच पदार्थ मोजला तर हा बदल निसटेल, पण वर्णपटात सर्वांचे एकत्र चित्र उमटते. ते चित्र आजाऱ्याचे की निरोग्याचे, या रोगाचे की त्या रोगाचे, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. म्हणून शेकडो वर्णपट संगणकाला शिकवतात: हे असे रुग्ण, हे तसे, आता हा नवा कोणता ते तू सांग.

आणि येथेच पवईचा प्रयोग उपयोगी पडतो. तो बुरशीवर नव्हता, कोरोनावर होता. पण थेंबभर रक्तद्रव, अवरक्त किरण आणि संगणक हीच त्रिमूर्ती त्यात होती. आय.आय.टी. मुंबईचे प्रा. संजीव श्रीवास्तव यांचा गट, महानगरपालिकेचे साथरोगांचे कस्तुरबा रुग्णालय आणि ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरातील क्यू.आय.एम.आर. बर्गहोफर ही संशोधनसंस्था यांनी तो मिळून केला. २०२० साली मुंबईत कोरोना झालेल्या दीडशेहून अधिक रुग्णांचे नमुने त्यात होते. कोणाचा आजार गंभीर होईल हे रक्तद्रवाच्या वर्णपटावरून सांगता येते का, हा प्रश्न होता. बहुसंख्य नमुने संगणकाला शिकवण्यासाठी वापरले आणि त्याने पूर्वी न पाहिलेल्या ३० जणांवर परीक्षा घेतली. सुमारे ८५ टक्के उत्तरे बरोबर आली. २०२१ साली ‘ॲनालिटिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. पवईच्या तलावाशेजारून आपण किती वेळा जातो! तेथेच, आमच्या उपनगरांच्या मधोमध, मुंबईकरांच्याच रक्तावर हे झाले याचा मला आनंद वाटतो, तो मी लपवत नाही.

आनंद बाजूला ठेवून निष्कर्ष नीट वाचले पाहिजेत. गंभीर रुग्णांच्या वर्णपटातील फरक मुख्यतः दोन ठिकाणी होता: शर्करा आणि फॉस्फेट यांच्या पट्ट्यात, आणि काही प्रथिनांतील अमाइन गटाच्या पट्ट्यात. शिवाय मधुमेह असणे हेच आजार गंभीर होण्याचे एक मोठे चिन्ह ठरले. म्हणून संगणकाला वर्णपटाबरोबर वय, लिंग, मधुमेह आणि रक्तदाब हीही माहिती दिली गेली. आणि नुसत्या या माहितीवर काढलेल्या अंदाजापेक्षा वर्णपट जोडलेल्या अंदाजात ‘खोट्या घंटा’ अधिक वाजल्या, म्हणजे बरे होऊ शकणाऱ्यालाही गंभीर ठरवले गेले. हे संशोधकांनी स्वतःच सांगितले आहे आणि त्याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

आता हीच पद्धत काळ्या बुरशीला लावली तर? माझ्या मते खरी अडचण शर्करेच्या पट्ट्यातच उभी राहील. बुरशीच्या भिंतीतील ग्लुकॅन, मॅनन या शर्करा ज्या पट्ट्यात आपली शिखरे उमटवतात, त्याच पट्ट्यात रक्तातील साध्या साखरेचीही शिखरे असतात. आणि म्युकरचे आपल्याकडील बहुतेक रुग्ण मधुमेही! समजा, शंभर म्युकरचे रुग्ण आणि शंभर धडधाकट माणसे घेऊन संगणक शिकवला आणि त्याने नव्वद टक्के अचूक उत्तरे दिली. वर्तमानपत्रात ठळक मथळा येईल. पण संगणक शिकला काय? बुरशी ओळखायला की मधुमेह ओळखायला? मधुमेह ओळखायला हिऱ्याचा स्फटिक नको, दहा-वीस रुपयांची पट्टी पुरते. संगणक हा परीक्षेत बाजूच्याच्या पेपरात डोकावणाऱ्या विद्यार्थ्यासारखा असतो. त्याला बरोबर उत्तराशी मतलब, ते कोठून आले याच्याशी नाही.

याला उपाय नाही असे नव्हे. तुलना योग्य माणसांशी केली पाहिजे. एका बाजूला मधुमेह आणि बुरशी दोन्ही असलेले, दुसऱ्या बाजूला तेवढीच साखर वाढलेले पण बुरशी नसलेले. दोघांनाही कोरोना होऊन गेलेला, दोघांनाही स्टिरॉइड दिलेले. त्यात भर म्हणून तिसरा गट, ज्यांचे सायनस साध्या जंतूंनी सुजले आहेत असे. या सर्वांतून जर यंत्राने बुरशीवाले वेगळे काढले तर मानावे. कँडिडाबाबतही तेच. अतिदक्षता विभागातील प्रत्येक रुग्णाच्या रक्तात उलथापालथ झालेलीच असते. तेथे निरोगी माणसाशी तुलना करून काही सिद्ध होत नाही. बुरशीचा ताप आणि जिवाणूंचा ताप यांतला फरक दाखवता आला पाहिजे, कारण डॉक्टरला औषध निवडायचे असते ते या दोहोंतून.

आणि औषध निवडणे सोपे नाही. म्युकरवरचे मुख्य औषध ॲम्फोटेरिसिन बी. हे दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएलाच्या मातीतल्या एका जंतूपासून १९५० च्या दशकात मिळाले. त्याच घराण्यातील ‘हमायसिन’ हे बुरशीनाशक तर आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. तिरुमलाचार यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी शोधले. ते ज्या जंतूपासून निघाले त्याच्या जातीचे नावच ‘पिंप्रिना’ आहे! पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत किती मराठी माणसे राबली, पण हे नाव आम्हांला शाळेत कुणी सांगितले नव्हते. असो. ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडांना त्रास देते, महाग पडते आणि २०२१ साली तर मिळेनासे झाले होते. खोटी घंटा वाजली म्हणून ते कुणालाही टोचता येत नाही. म्हणून यंत्राचा एक बोल पुरेसा मानून उपचार सुरू होतील असे मला वाटत नाही, आणि होऊही नयेत.

मग या यंत्राची जागा कोठे? पूर्वी ध्यानात ठेवायला सांगितलेली बाब येथे उपयोगी पडते. काकांचे दिवस गेले ते संशय येण्यात. मांसाचा तुकडा तपासायला तासभर पुरतो, पण कुणाचा तुकडा काढायचा हे कळायला हवे. दाट वस्तीतल्या घाटकोपरच्या राजावाडीत, जुहूच्या कूपरमध्ये किंवा कांदिवलीच्या शताब्दीत रोज येणाऱ्या गर्दीत गाल दुखतो म्हणणारे कितीतरी असतात. सगळ्यांच्या नाकात दुर्बीण घालता येत नाही. त्यांचे रक्त मात्र पुष्कळदा काढलेच जाते, साखरेसाठी, हिमोग्लोबिनसाठी. त्याच नळीतला उरलेला एक थेंब स्फटिकावर वाळवून यंत्राने ‘याच्याकडे जरा नीट पाहा’ एवढेच सांगितले तरी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे तो रुग्ण आठ दिवसांऐवजी त्याच दिवशी पोहोचेल. निकाल देणारा न्यायाधीश म्हणून नव्हे, तर दारावरचा पहारेकरी म्हणून. पहारेकऱ्याने चार वेळा उगाच हाक मारली तर चालते; पाचव्या वेळी झोपून राहिला तर चालत नाही.

ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात बेडन वुड यांच्या गटाने २०१४ साली याच किरणांनी मलेरियाचे परजीवी अगदी अल्प प्रमाणात असतानाही ओळखून दाखवले. तेथे काम तुलनेने सोपे होते, कारण मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीतच घर करतो आणि रक्तात त्याची संख्या बुरशीच्या मानाने अफाट असते. बुरशीसाठी दोन वाटा दिसतात. एक, बाटलीत ती पूर्ण वाढण्याआधीच, थोडी वाढली असतानाच प्रकाशाखाली धरणे आणि दोनाऐवजी एका दिवसात जात सांगणे. ही वाट खात्रीची आहे, पण कँडिडापुरती. दुसरी, वर सांगितलेली पहारेकऱ्याची. ती म्युकरलाही लागू पडू शकेल, पण अजून सिद्ध व्हायची आहे. पहिलीत बुरशी स्वतः सापडते, दुसरीत तिच्या पावलांचे ठसे. मला दुसरी वाट अधिक महत्त्वाची वाटते. पहिलीसाठी रुग्ण अगोदरच मोठ्या रुग्णालयाच्या खाटेवर असावा लागतो, आणि आमच्या चाळीतून तेथवर पोहोचणेच अवघड असते.

काकूंना मी हे सगळे सांगितले, सतारीच्या तारेसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग पवईवाल्यांना मधुमेहवाल्यांचं रक्त लागेल म्हणतेस ना? यांचं दरमहा काढतातच.”